श्वानपिल्लांचे गंभीर संसर्गजन्य आजार : ओळख, प्रतिबंध आणि अर्थकारण

भारतातील पशुधनाचा विचार होतो, तेव्हा गाय, म्हैस, शेळी, मेंढी व कोंबडी यांचा प्रामुख्याने उल्लेख होतो. दूध, मांस, लोकर किंवा अंडी न देणारा श्वान हा प्राणी आर्थिक विवेचनात सहसा स्थान मिळवत नाही. तथापि, मेंढपाळाच्या वाड्याची राखण, शेतावरील पिकाचे रक्षण, घराची सुरक्षितता आणि पोलीस व सैन्यदलांतील सेवा यांचा विचार केला, तर श्वानाचे योगदान दुर्लक्षणीय ठरत नाही. कर्नाटकातील मुधोळ, तामिळनाडूतील राजापालयम व चिप्पिपराई, उत्तर प्रदेशातील रामपूर हाउंड, महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागातील कारवान आणि पश्मी हे देशी वंश म्हणजे देशाची जैविक संपत्तीच होय. दुसरीकडे, २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. पाळीव व भटक्या या दोन्ही गटांत दरवर्षी जन्मणारी असंख्य पिल्ले वयाचे सहा महिनेही पूर्ण करीत नाहीत. या मृत्यूंची अनेक कारणे असली, तरी टाळता येण्याजोगे संसर्गजन्य आजार हे त्यांतील एक ठळक कारण आहे.

हा प्रश्न केवळ प्राणिप्रेमाचा नाही. पिल्लांना होणाऱ्या काही आजारांचा संबंध मानवी आरोग्याशी, काहींचा वन्यजीवांशी, तर सर्वांचा कुटुंबाच्या खर्चाशी येतो. म्हणूनच या आजारांची लक्षणे, त्यांच्या प्रसाराची रीत, प्रतिबंधाचे उपाय आणि त्यामागील अर्थकारण यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

पिल्ले अधिक बळी का पडतात?

नवजात पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अत्यल्प असते. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत मादीच्या चिकातून त्याला संरक्षक प्रतिपिंडे मिळतात. ही उसनी प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते व हळूहळू ओसरत जाते. काही पिल्लांत ती आठव्या आठवड्याच्या सुमारास संपते, तर काहींत सोळाव्या आठवड्यापर्यंतही तिचा अंश शिल्लक राहतो. मादीचे स्वतःचे लसीकरण झालेले नसेल व तिला पूर्वी रोगही झालेला नसेल, तर पिल्लाला चिकातून विशेष काही मिळत नाही.

येथे एक पेच निर्माण होतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे जास्त असताना लस दिली, तर ती प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाच निष्प्रभ करतात व लस वाया जाते. ती कमी झाल्यावर लस उपयोगी पडते. परंतु रोग रोखण्यास अपुरी आणि लस अडविण्यास मात्र पुरेशी अशी त्यांची एक मधली अवस्था असते. या कालावधीत पिल्लू रोगास खुले असते आणि लसही लागू पडत नाही. प्रत्येक पिल्लात हा कालावधी वेगवेगळ्या वेळी येतो. त्यामुळेच सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरुवात करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस देण्याची शिफारस केली जाते. एकच लस दिली म्हणजे काम झाले, हा समज सर्वांत घातक होय. सोळाव्या आठवड्याच्या वेळची किंवा त्यानंतरची मात्रा चुकली, तर आधीच्या सर्व मात्रा निरर्थक ठरण्याची शक्यता राहते.

पार्व्हो : आतड्यावरील आघात

श्वानांतील पार्व्हो विषाणूची ओळख १९७८ मध्ये पटली आणि अवघ्या दोन वर्षांत तो जगभर पसरला. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. तो जमिनीवर, पिंजऱ्यात, भांड्यांवर कित्येक महिने टिकून राहू शकतो. माणसाच्या चपलांना चिकटून तो घरात येतो. त्यामुळे कधीही घराबाहेर न पडलेले पिल्लूही आजारी पडू शकते.

संसर्गानंतर साधारणतः तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसू लागतात. प्रथम पिल्लू मलूल होते व खाणे सोडते. त्यानंतर वारंवार उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. विषाणू आतड्याच्या अस्तराचा व अस्थिमज्जेतील पेशींचा नाश करतो. परिणामी एकीकडे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, तर दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटून जिवाणूंचा संसर्ग रक्तात शिरतो. उपचार न झाल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात. मात्र वेळेवर सलाईन, उलट्या थांबविणारी औषधे, प्रतिजैविके व योग्य पोषण मिळाल्यास दहापैकी आठ ते नऊ पिल्ले वाचू शकतात. विषाणूवर थेट इलाज नसला, तरी पिल्लाला तगवून धरणे शक्य असते. यात निर्णायक ठरतो तो वेळ.

या विषाणूला बाह्य मेदावरण नसल्याने साबण व घरातील नेहमीची अनेक जंतुनाशके त्याच्यावर परिणामकारक ठरत नाहीत. प्रथम विष्ठा व घाण पूर्णपणे काढून जागा धुवावी आणि नंतर घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते द्रावण किमान दहा मिनिटे जागेवर राहू द्यावे. घाण न काढता वरून ब्लीच टाकल्यास त्याचा उपयोग होत नाही.

डिस्टेंपर : गिरच्या सिंहांपर्यंत पोहोचलेला विषाणू

डिस्टेंपरचा विषाणू गोवर आणि बुळकांडी या रोगांच्या विषाणूंचा सख्खा नातेवाईक आहे. फ्रेंच पशुवैद्य हेन्री कारे यांनी १९०५ मध्ये या रोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवून दिले. खोकणे-शिंकणे व निकटचा सहवास यांतून तो पसरतो. आरंभी ताप, डोळे व नाकातून पू-मिश्रित स्राव, खोकला, त्यानंतर उलट्या-जुलाब आणि पायाच्या तळव्यांची व नाकाची त्वचा कठीण होणे अशी लक्षणे दिसतात. काही पिल्ले बरी झाल्यासारखी वाटतात आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांना झटके येऊ लागतात, जबडा चावल्यासारखा हलत राहतो किंवा एखादा पाय सतत फडफडतो. मेंदूपर्यंत पोहोचलेला रोग बहुधा जीवघेणा ठरतो. वाचलेल्या प्राण्यांत कायमचे व्यंग राहू शकते. पार्व्होच्या उलट हा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. ऊन, साबण व साधी जंतुनाशके त्याला पुरेशी असतात.

या रोगाची व्याप्ती घराच्या उंबरठ्यापुरती मर्यादित नाही. टांझानियातील सेरेंगेटी अभयारण्यात १९९४ मध्ये सुमारे एक तृतीयांश सिंह या विषाणूने दगावले. परिसरातील पाळीव कुत्र्यांशी त्या साथीचा संबंध जोडला गेला. भारतातही सप्टेंबर २०१८ मध्ये गिरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंहांचा मृत्यू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत त्यांपैकी काही सिंहांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला. त्यानंतर परदेशातून लस आणून सिंहांना देण्याची वेळ आली. आशियाई सिंहांचे एकमेव नैसर्गिक वसतिस्थान असलेल्या प्रदेशाभोवतीच्या गावांतील पिल्लांचे लसीकरण हा वन्यजीव संरक्षणाचाच भाग कसा ठरतो, हे या घटनेने स्पष्ट केले.

याच विषाणुकुळातील बुळकांडीचे उदाहरण मात्र आशादायक आहे. गुरांच्या सातत्यपूर्ण लसीकरणामुळे व रोगसर्वेक्षणामुळे भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. शासन, शास्त्रज्ञ आणि पशुपालक यांनी दीर्घकाळ एकाच दिशेने काम केल्यास काय साध्य होते, याचा हा पुरावा होय.

लेप्टोस्पायरोसिस व यकृतदाह

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये या रोगाची साथ आली होती, हे अनेकांना स्मरत असेल. पिल्लांत ताप, अंगदुखी, उलट्या, कावीळ आणि लघवीच्या प्रमाणात बदल ही लक्षणे आढळतात. बाधित कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे साफसफाई करताना हातमोजे वापरणे, पिल्लांना साचलेल्या पाण्यापासून दूर ठेवणे आणि धान्य व उष्टे अन्न उघडे न ठेवता उंदरांना आळा घालणे हे उपाय लसीइतकेच महत्त्वाचे आहेत. श्वानांचा संसर्गजन्य यकृतदाह हा विषाणूजन्य आजारही पिल्लांत गंभीर रूप धारण करतो. परंतु नेहमीच्या संयुक्त लसीत त्याविरुद्धचे संरक्षण अंतर्भूत असते. यकृतदाह, पार्व्हो आणि डिस्टेंपर हे श्वानांचे आजार माणसाला होत नाहीत, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. भीतीपोटी आजारी पिल्लू रस्त्यावर सोडून दिले, तर रोग अधिकच पसरतो.

रेबीज : जेथे चूक दुरुस्त होत नाही

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसालाही आणि प्राण्यालाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांतील ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो आणि जगातील सुमारे ३६ टक्के रेबीज मृत्यू भारतात होतात. संशयित प्राण्यांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात श्वानदंशाची सुमारे ३७ लाख प्रकरणे नोंदविली गेली.

पिल्लांच्या संदर्भात दोन गैरसमज विशेष घातक आहेत. पिल्लाला रेबीज होत नाही, हा पहिला. आणि पिल्लाचा बारीक ओरखडा म्हणजे काहीच नाही, हा दुसरा. प्रत्यक्षात कोणत्याही वयाच्या पिल्लाला रेबीज होऊ शकतो. पिसाळलेले पिल्लू नेहमी आक्रमक असतेच असे नाही. मूक प्रकारात जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही आणि आवाज बदलतो. घशात हाड अडकले असावे, असे समजून घरातील माणसे पिल्लाच्या तोंडात हात घालतात आणि संसर्ग ओढवून घेतात. अशा पिल्लाच्या तोंडात कधीही हात घालू नये.

पिल्लू चावल्यास किंवा त्याचा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक लस सुरू करावी. रक्त आले असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे लागते. हळद, चुना, तिखट लावणे किंवा मंत्रतंत्राची वाट पाहणे म्हणजे अमूल्य तास गमावणे होय. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. परंतु त्यासाठी लस लांबणीवर टाकू नये.

धोक्याची लक्षणे

मोठ्या कुत्र्याच्या तुलनेत पिल्लाच्या शरीरात पाणी व साखर यांचा साठा अत्यल्प असतो. त्यामुळे सकाळी किंचित सुस्त वाटणारे पिल्लू रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकते. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे :

(१) पिल्लाने लागोपाठ दोन वेळा खाणे नाकारणे अथवा एकाच जागी निपचित पडून राहणे.
(२) वारंवार उलट्या, पाणीही पोटात न टिकणे. रक्तमिश्रित अथवा काळसर जुलाब.
(३) हिरड्या कोरड्या, फिकट किंवा पिवळ्या दिसणे. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यास लगेच पूर्ववत न होणे.
(४) शरीराचे तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर किंवा ९९ अंशांच्या खाली असणे. दोन-तीन महिन्यांच्या निरोगी पिल्लाचे तापमान साधारणतः १०० ते १०२.५ अंश असते.
(५) डोळे व नाकातून घट्ट स्राव, धाप लागणे.
(६) झटके, तोल जाणे, स्वभावात अचानक बदल, गिळण्यास त्रास.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लाला ऊब द्यावी व इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे. माणसांसाठीच्या पॅरासिटामॉल, आयब्रुफेन यांसारख्या गोळ्या देऊ नयेत. त्या पिल्लाला विषारी ठरू शकतात. उलट्या होत असलेल्या पिल्लाला बळजबरीने दूध पाजू नये. दवाखान्यात शिरण्यापूर्वीच पार्व्होची शंका सांगितल्यास प्रतीक्षा करणाऱ्या अन्य पिल्लांचा बचाव होतो.

प्रतिबंधाचे वेळापत्रक

प्रतिबंधाची सुरुवात पिल्लाच्या जन्माआधीच, मादीच्या लसीकरणापासून होते. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने जंताचे औषध द्यावे. कारण जंतांनी पोखरलेले पिल्लू लसीला नीट प्रतिसाद देऊ शकत नाही आणि काही जंत मुलांनाही बाधतात. पार्व्हो, डिस्टेंपर व यकृतदाह यांची संयुक्त लस वर सांगितल्याप्रमाणे सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी आणि सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान आणखी एक मात्रा द्यावी. लेप्टोस्पायरोसिसची लस दोन मात्रांत व पुढे दरवर्षी दिली जाते. पाळीव पिल्लाला रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देऊन पुढे वेळापत्रकानुसार ती चालू ठेवावी. प्रत्येक लसीची नोंद पुस्तिकेत करून घ्यावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवलेली असणे अत्यावश्यक आहे. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावांत शीतसाखळी तुटली, तर लस टोचूनही संरक्षण मिळत नाही.

पिल्लू विकत घेतानाही दक्षता हवी. श्वान प्रजनन व विपणनासंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही. बाजारात गोंडस दिसते म्हणून महिनाभराचे पिल्लू घेणारा ग्राहक नकळत रोगाचीच खरेदी करीत असतो. नव्या पिल्लाला लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी नेऊ नये.

लसीकरणाचे अर्थकारण

लस महाग वाटते, कारण तिची किंमत आज द्यावी लागते आणि तिचा लाभ दिसत नाही. हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने तपासता येईल. समजा, पहिल्या वर्षाच्या सर्व लसींचा खर्च ४,००० रुपये आहे. लस न दिलेल्या चार पिल्लांपैकी एकाला पार्व्हो होतो. उपचाराचा खर्च २०,००० रुपये येतो आणि उपचार घेतलेल्या पाचांपैकी चार पिल्ले वाचतात. अशा स्थितीत लस न दिलेल्या प्रत्येक पिल्लामागे उपचाराचा अपेक्षित खर्च ५,००० रुपये, म्हणजेच लसीपेक्षा अधिक होतो. शिवाय उपचार करूनही वीसपैकी एक पिल्लू गमावले जाते. डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस व रेबीज यांचा धोका यात धरलेलाच नाही. थोडक्यात, केवळ स्वतःच्या लाभाचा विचार करणाऱ्या पालकासाठीही लस स्वस्त पडू शकते.

तथापि, खरा प्रश्न खासगी लाभाच्या पलीकडचा आहे. लस दिलेले पिल्लू शेजारच्या पिल्लांना, गल्लीतील मुलांना आणि जंगलाच्या कडेच्या वन्यप्राण्यांनाही संरक्षण देते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सकारात्मक बाह्यता होय. या व्यापक लाभाचे मोल लस विकत घेणाऱ्याला मिळत नसल्यामुळे केवळ बाजारावर विसंबल्यास समाजाला आवश्यक असलेल्यापेक्षा कमी लसीकरण होते. भटक्या पिल्लांच्या बाबतीत तर खरेदीदारच नसतो. म्हणून रेबीजचे लसीकरण ही सार्वजनिक जबाबदारी ठरते.

रेबीजची साखळी तोडण्यासाठी कुत्र्यांच्या किमान ७० टक्के संख्येला लस देणे आवश्यक मानले जाते. येथे पिल्लांचे महत्त्व लक्षात येते. एखाद्या नगरात यंदा ७० टक्के उद्दिष्ट गाठले, तरी वर्षभरात लस घेतलेली काही कुत्री मरतात आणि लस न घेतलेली पिल्ले जन्मास येतात. साहजिकच संरक्षणाचे प्रमाण घसरते. म्हणूनच मोहीम दरवर्षी राबवावी लागते, तिला निर्बीजीकरणाची जोड द्यावी लागते आणि सामूहिक मोहिमेत तीन महिन्यांखालील पिल्लांनाही वगळू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे.

धोरणाची दिशा

केंद्र शासनाने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. गोव्याने सामूहिक श्वान लसीकरण, शालेय शिक्षण आणि रोगसर्वेक्षण यांची सांगड घातली व २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची सेवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर अनेक राज्यांत उपलब्ध झाली आहे. मानव, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे झाली.

या चौकटीत काही पूरक पावले टाकणे शक्य आहे. ग्रामपंचायतींनी गुरांच्या लसीकरण शिबिराच्या दिवशीच श्वानपिल्लांचे लसीकरण करावे. पशुवैद्यक, शीतपेटी व वाहन आधीच उपलब्ध असल्याने अतिरिक्त खर्च मर्यादित राहतो. अभयारण्यांलगतच्या गावांत रेबीजसोबत डिस्टेंपरची लसही विनामूल्य द्यावी. स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी त्यांच्या मार्गावरील दवाखान्यांत चालू शकेल अशी लस नोंद पुस्तिका असावी. प्राथमिक शाळांत जखम धुण्याचा धडा प्रात्यक्षिकासह शिकविला जावा.

समारोप

प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१ (क) मध्ये नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले आहे. श्वानपिल्लांच्या बाबतीत ही करुणा आणि व्यवहार परस्परविरोधी नाहीत. वेळेवर दिलेली लस पिल्लाचा जीव वाचवते, कुटुंबाचा खर्च वाचवते आणि त्या पिल्लाशी अंगणात खेळणाऱ्या मुलाचाही जीव वाचवते. बुळकांडीच्या उच्चाटनात देशाने जी चिकाटी दाखविली, तीच चिकाटी येथे अपेक्षित आहे. २०३० चे उद्दिष्ट गाठावयाचे असेल, तर दर हंगामात जन्मणाऱ्या नव्या पिल्लांपर्यंत लस पोहोचली पाहिजे.